दीप्तीच्या नावाने

१ ऑगस्ट, सोमवार

कागद आला शेवटी. कंपू भागातलं आमचं मुलींचं कॉलेज आणि सिटी सेंटरचं मोठं कॉलेज आता एकच होणार. हिंदीत 'विलय' असं लिहिलंय. कोण कोणात, ते लिहायची गरज त्यांना वाटली नाही. मुली तिकडे, शिक्षक तिकडे, टेबल-खुर्च्या मोजून तिकडे. माझी कॉम्प्युटर लॅबसुद्धा. 'माझी' लिहिलं तर लिहिलं. चोवीस वर्षं तिची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

दोन लॅबची एक लॅब, म्हणजे दोन इनचार्जमधून एक. तिकडचे सक्सेना किंवा मी. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, ती लॅबमध्येच जावीत, एवढंच मागणं आहे. स्टोअरमध्ये बसून खुर्च्यांवर नंबर टाकायला लावू नये.

वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "सिटी सेंटर तर चांगलंच आहे नं, तिकडे भाजी ताजी मिळून राहते." चला, एक तरी फायदा.

६ ऑगस्ट, शनिवार

तिकडे पहिली मीटिंग. प्राचार्या मॅडम बोलायला गोड, पण घड्याळ बघत बोलतात. सक्सेनांनी आमच्या लॅबला 'म्यूज़ियम' म्हटलं. मी हसले. घरी आल्यावर राग आला. माझं नेहमीचंच, राग एक बस उशिरा येतो.

मला काम दिलं: एकत्र लॅबसाठी संगणक आणि नेटवर्क वापराचे नियम लिहायचे. "आपका अनुभव है, जाधव मैडम." अनुभव आहे म्हणून लिहायला, आणि इनचार्ज कोण ते डिसेंबरात बघू.

मदतीला एक मुलगी दिली आहे. दीप्ती तोमर. मुरैन्याची, तिशीची, नेटवर्कचं सगळं तीच बघते, पण नोकरी पक्की नाही. दर वर्षी डिसेंबरात पत्र येतं, मग पुढचं वर्ष. नाही आलं तर नाही. चेहरा असा, की हिला कुणी काम सांगितलं तर ही नाही म्हणणार नाही, आणि लोकांनी ते ओळखलेलं आहे. (पुढे नुसतं दी. लिहीन.)

१४ ऑगस्ट, रविवार

नियम लिहायला बसले, आणि लिहिलं काय तर हे.

पहिली चार मशीनं टेम्पोतून आली होती, गादीवर निजवून. मी टेम्पोत मागे बसले होते, दोन्ही हातांनी एक खोकं धरून. नारळ फोडला. वहिनीनं जुन्या पडद्यांची कव्हरं शिवून दिली, निळी, खाली झालर. त्या झालरीवरून माझी किती चेष्टा झाली! पण धूळ एक कण बसली नाही.

चपला बाहेर. पावसाळ्यात दारासमोर चिखलाच्या सँडलींची रांग. ए.सी. मशीनसाठी होता, पण मे महिन्यात सगळ्या मुलींना अचानक प्रॅक्टिकलचं प्रेम यायचं. मी कळून न कळल्यासारखं करायची.

आणि पासवर्ड एकच. सगळ्यांचा. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेला, वर 'पुसू नये'. आत प्रत्येकीचा फोल्डर, तिच्या नावाचा, कुलूप कशालाच नाही. बाहेर रजिस्टर होतं, येताना सही, जाताना सही, बस. एकदाच झालं होतं. बिड़ला नगरची रेखा, मिल बंद पडल्यावर वडील घरीच बसले होते तिचे. तिनं दुसरीचा फोल्डर उघडून तिचा न चालणारा प्रोग्रॅम दुरुस्त केला, आणि खाली लिहून ठेवलं, 'मैंने ठीक किया है, बुरा मत मानना, रेखा.' मी दोघींना बोलावून रागावले, आणि मग चहा पाजला.

असं आता कुणाला सांगितलं तर सक्सेना पुन्हा म्यूज़ियम म्हणतील.

२७ ऑगस्ट, शनिवार

दी. आली होती कंपूला. दाराशी न सांगता सँडल काढल्या. तिथेच मला आवडली.

नियमांवर बसलो दोघी. मी म्हटलं, पहिला नियम 'एक दूसरे पर विश्वास रखें' असा काहीतरी असावा. ती हसली नाही, ही तिची चांगली गोष्ट. म्हणाली, "मैम, विश्वास तो रहेगा। पर जब कुछ बिगड़ता है न, तो मशीन नाम माँगती है।" मग तिनं समजावून सांगितलं. नेटवर्कवर कोण केव्हा काय करतो ते सगळं नावासकट लिहिलं जातं, आपोआप. रजिस्टरसारखंच, फक्त सही आपण करत नाही.

तेव्हा पहिला नियम असा ठरला: 'अपना पासवर्ड किसी को न दें, किसी का न लें.' माझ्या अक्षरात. दुसरा, दुसऱ्याची फाइल उघडू नये. तिसरा, जे मशीन आपलं नाही ते विचारल्याशिवाय बंद करू नये. असे चौदा.

चौदाव्यात मी चपलांचं घातलं. दी.नं ते काढलं नाही.

१७ सप्टेंबर, शनिवार

नियम मंजूर. प्राचार्या मॅडमनी मीटिंगमध्ये वाचून दाखवले, सक्सेनांनी फक्त चौदाव्यावर भुवया उचलल्या. छापून दोन्हीकडे लावणार. बरं वाटलं. उगाच नाही सांगत, खूप बरं वाटलं.

आमचा जुना सर्व्हर आता त्यांच्या नेटवर्कला जोडला. आजपासून त्यावर माझा हुकूम चालत नाही. मी फक्त बघू शकते. बंद करणं, चालू करणं, फाइली हलवणं, सगळं दी.च्या नावानं. विलय झाला की असंच, असं ती म्हणाली नाही, मीच म्हटलं.

त्या सर्व्हरमध्ये सगळं आहे. यंदाच्या तृतीय वर्षाच्या मुलींचे प्रॅक्टिकलचे गुण, आणि पहिल्या बॅचपासूनचे प्रोजेक्ट. रेखाच्या त्या ओळीसकट. आधी मी दर वर्षी गुणांची तरी सी.डी.वर नक्कल काढायची. दोन वर्षं झाली, आळस. लिहून ठेवते, म्हणजे टोचेल.

१ ऑक्टोबर, शनिवार

घट बसले. दादांनी तलवार माळ्यावरून काढून तेल लावलं. पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले तेव्हाची, असं दादा दर वर्षी सांगतात, आणि आम्ही दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. खंडेनवमीला पूजा दादाच करतात. आधी बाबा करायचे. बायका ताट धरून बाजूला. लहानपणी एकदा हात लावला होता मी, तर बाबांनी रागावलं नाही, फक्त हात उचलून बाजूला ठेवला. ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

म्हणून मशीनं आली त्या पहिल्याच वर्षी मी लॅबमध्ये खंडेनवमी सुरू केली. ही माझी हत्यारं. इथे ताट धरायला दुसरं कुणी, पूजा मी. त्या दिवशी सगळी मशीनं नीट बंद करायची, मेन स्विच खाली, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. यंत्राला एक दिवस विश्रांती. चोवीस वर्षांत एक वर्ष चुकलं नाही. टायफॉइडमध्येसुद्धा रिक्षानं गेले होते.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुट्या लागल्या. दी.नं ठरवलंय की सुटीत नेटवर्क रिकामं असतं, तेव्हाच आमच्या सर्व्हरमधलं सगळं तिकडच्या नव्या सर्व्हरवर पाठवायचं. रविवारी सुरू होईल, आपोआप चालेल. ती नवमीला मुरैन्याला घरी, आईबरोबर कन्याभोजन. गावी नेट धड चालत नाही.

जाताना माझ्या टेबलाशी उभी राहिली. मग एक चिठ्ठी दिली. तिचं नाव आणि तिचा पासवर्ड. "मैम, बस एक बार देख लीजिएगा कितने परसेंट हुआ। अटक जाए तो दुबारा चला दीजिएगा। और किसी को नहीं बोल सकती, आप ही हैं।"

समोरच्या भिंतीवर आमचे चौदा नियम. दोघींनी तिकडे बघितलं आणि दोघी हसलो. मी चिठ्ठी घेतली. इतक्या सहज घेतली, जशी शेजारीण साखर घेते.

१० ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

घरची पूजा उरकून दहाला कंपूला. चौकीदार कन्याभोजनाला घरी गेलेला. फाटकाची एक किल्ली माझ्याकडे असतेच. एरवी दहा-बारा मुली यायच्या, रांगोळी काढायच्या, पेढ्यांवर डोळा ठेवून. यंदा एकटीच. या इमारतीतली शेवटची खंडेनवमी, मग चुकवून कसं चालेल?

स्क्रीनवर हिरवी पट्टी भरलेली. शंभर टक्के. झालं सगळं पाठवून! दी.ला शाबासकी द्यायला हवी, असं मोठ्यानं म्हटलं. मग तिचं नाव टाकलं, तिचा पासवर्ड, आणि सर्व्हर बंद केला. बाकीची बंद केली. मेन स्विच खाली. एकदम इतकं शांत झालं, की बाहेरच्या पिंपळाची पानं ऐकू आली.

एकेका मशीनला कुंकू लावलं. सर्व्हरला सगळ्यात शेवटी, दोन फुलं जास्त. हात जोडून म्हटलं, आता नव्या जागी चला. रडले थोडी. सुखाचंच.

११ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

सोनं वाटलं. वहिनीचे गुडघे दुखतात म्हणून घरोघरी मीच गेले. संध्याकाळी थकवा.

१२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी मेन स्विच वर केला. सगळी मशीनं उठली, सर्व्हर नाही. आतून टक-टक, टक-टक, मग थांबतो, पुन्हा टक-टक. तीनदा करून बघितलं.

आणि मग मी जे केलं ते इथे लिहिलंच पाहिजे, नाहीतर ही रोजनिशी काय कामाची. मी फुलं उचलून पिशवीत टाकली आणि रुमालानं सर्व्हरवरचं कुंकू पुसलं. बाकीच्या मशीनांवरचंही. पाणी लावून, खसाखसा. कुणी यायच्या आत. विचार केला नाही. हातच चालले.

दी. मुरैन्याच्या बसमधून उतरून थेट आली. तिकडच्या सर्व्हरवर अर्धंच सामान पोचलंय, असं तिला फोनवर कळलेलं. मी म्हटलं, शंभर टक्के तर दिसलं होतं. तिनं डब्यावर हात ठेवून टक-टक ऐकली. म्हणाली, "मैम, सौ परसेंट तो पहले फोल्डर का था। दूसरा तो शुरू ही नहीं हुआ था।"

दुसरा फोल्डर म्हणजे गुण आणि प्रोजेक्ट.

"बंद किसने…" एवढंच म्हणाली, तेवढ्यात सक्सेना आत आले. बूट घालून. मी उत्तर दिलं नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दुरुस्तीवाला म्हणाला, आतली डिस्क म्हातारी झाली होती, चालत होती तोवर चालत होती, एकदा थांबली की उठत नाहीत अशा. दर वर्षी थांबवायची मी तिला. यंदाच तिचा दम संपला.

दुपारी प्राचार्या मॅडमच्या खोलीत. टेबलावर छापील कागद: नवमी, दहा चाळीस, सर्व्हर बंद, नाव दीप्ती तोमर.

दी. म्हणाली, मी मुरैन्यात होते. सक्सेना म्हणाले, घरून पण बंद करता येतो. मॅडमनी विचारलं, "पासवर्ड किसी को दिया था?"

माझी खुर्ची तिच्या खुर्चीला लागून. तिनं आपल्या हातांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. काही बोलली नाही. मी पण नाही.

"सोचकर बताइए," मॅडम म्हणाल्या. "आपका दिसंबर का लेटर मेरे पास आएगा, ये ध्यान रखिए।"

घरी येऊन जेवले.

१५ ऑक्टोबर, शनिवार

तृतीय वर्षाच्या मुलींना प्रॅक्टिकल पुन्हा द्यावं लागणार. एकजण बाहेर रडत होती. तिचं छान झालं होतं, मीच घेतलं होतं. म्हणाली, "मैम, किसकी गलती है?" मी म्हटलं, चौकशी चालू आहे. काय सुंदर वाक्य आहे! कुणीही कशाच्याही मागे लपावं.

रेखाची ती ओळ गेली. बुरा मत मानना.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

आज सांगेल, आज सांगेल, असं रोज वाटतं. दी.नं एक शब्द टाकायचा, 'जाधव मैडम'. झालं. ती टाकत नाही. मला समोर आली की नमस्ते मैम, पूर्वीसारखंच.

तिनं सांगितलं असतं तर मी कबूल केलं असतं. हे मी स्वतःशी म्हणते आणि मलाच पटत नाही. तिनं सांगावं म्हणजे मला सांगावं लागणार नाही, असं आहे ते. सक्सेनांना लॅब मिळेल, मी स्टोअरमध्ये. किंवा तेही नाही, निवृत्तीआधी एक ठपका, फाइलमध्ये, कायमचा. दोन वर्षांसाठी कशाला बोलू? आणि तिच्यासमोर तीस वर्षं आहेत. दोन्ही वाक्यं आलटून पालटून.

२२ ऑक्टोबर, शनिवार

दादांनी विचारलं, "नलू, तू नीट जेवत का नाही आहेस? बोल नं." मी सगळं सांगितलं. सर्व्हर, पासवर्ड, मुली, दी. ते पेपरची घडी करत ऐकत होते. मला वाटलं, ओरडतील की तुला कुणी सांगितली होती तिकडे पूजा करायला.

घडी टेबलावर ठेवून म्हणाले, "यंत्र गेलं ते समजलं. जुनं होतं. पण कुंकू कशाला पुसलंस?"

मी भांडी उचलायला लागले.

"बाबा असते तर हेच विचारलं असतं," म्हणाले आणि आत गेले. त्यांना माझी लॅबची पूजा माहीत होती, चोवीस वर्षं, पण कधी त्याबद्दल बोलले नव्हते. आज बोलले ते असं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

अर्ज दिला. रविवारी चार वेळा लिहिला, हिंदीत, शेवटचा सगळ्यात छोटा. 'नवमी के दिन सर्वर मैंने बंद किया था। दीप्ती तोमर का पासवर्ड मेरे पास था। मैंने समझा था कि काम पूरा हो चुका है। बाद में मैंने यह बात छिपाई।' खाली सही, तारीख. पूजेचंही लिहिलं, एका ओळीत. लाज वाटली ती पूजेची नाही, पुसण्याची.

मॅडमनी दोनदा वाचला. पहिल्यांदाच घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "जाधव मैडम, नियम तो आपने ही लिखे थे।"

"जी. पहिलाच." मराठीत बोलून गेले. त्यांना समजलं.

मग म्हणाल्या, "आपने अच्छा किया। लेकिन एक बात सोची आपने? अब ये लिखित में आ गया कि दीप्ती ने पासवर्ड दिया था।"

नव्हतं सुचलं. खरंच नव्हतं. तिचं नाव मोकळं करायला गेले आणि ते आणखी एका ओळीत अडकवून आले.

२६ ऑक्टोबर, बुधवार

दी. कंपूला आली. आज सँडल काढताना दाराशी जास्त वेळ लागला.

"मैम, आपको मुझसे पूछना था पहले।"

मी म्हटलं, तुझ्यावर अन्याय होत होता. ती पहिल्यांदा चिडलेली पाहिली. आवाज वाढवत नाही चिडली की, उलट हळू बोलते. "तब तक बस इतना था कि दीप्ती से सर्वर बंद हो गया। गलती थी, इंसान से होती है। मैं वही मान लेती, सोच लिया था मैंने। अब है कि दीप्ती ने पासवर्ड बाँटा। वो गलती नहीं, नियम तोड़ना है।"

मग मी विचारलं, इतके दिवस माझं नाव का नाही घेतलंस?

"पासवर्ड रखने को आपसे मैंने बोला था। आपने माँगा थोड़ी था।"

चहा ठेवला होता. प्यायली नाही. निघताना मात्र वळून म्हणाली, "बुरा तो लगा है, मैम। पर आप चुप रहतीं तो और लगता।" हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून, ते मला तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही.

३० ऑक्टोबर, रविवार. दिवाळी

वहिनीनं करंज्या केल्या. मी डबा भरून दी.साठी ठेवला. मग वाटलं, लाच दिल्यासारखं दिसेल. मग वाटलं, दिसू दे. मग डबा फळीवरच राहिला.

५ नोव्हेंबर, शनिवार

समितीपुढे दोघी. तीन जण, एक सक्सेना. मला वाटलं, आज ते वसूल करणार. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बैकअप आख़िरी बार कब लिया था?" दोन वर्षांपूर्वी, मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मग मान खाली घालूनच म्हणाले, त्यांच्या स्वतःच्या लॅबचा पण तीन वर्षांपूर्वीचाच आहे, अजून काही बिघडलं नाही हे नशीब म्हणायचं. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

दी.ला विचारलं, नियम माहीत होता? "जी, मैंने ही टाइप किया था।" तरीही दिला? "जी।" का? तर म्हणाली, त्या दिवशी दुसऱ्या कुणावर सोपवायला माणूस नव्हता, आणि काम वेळेत हवं होतं. सुटीचं काम एकटीवर टाकलं कुणी, हा प्रश्न समितीत कुणाला सुचला नाही. मला सुचला, पण बोलायला उशीर झाला. माझा राग असाच, सांगितलंच आहे.

निर्णय महिनाअखेरीस.

१२ नोव्हेंबर, शनिवार

कंपूची लॅब आवरली. टेबलं गेली, ए.सी. उतरवला, भिंतीवर त्याची चौकोनी पांढरी खूण. फळ्याच्या कोपऱ्यात जुना पासवर्ड अजून पुसट दिसत होता, कुणीतरी दर वर्षी गिरवत राहिलं असणार. मी पुसला नाही. रंग देणारे पुसतील.

जिथे मुली सँडल काढायच्या ती पायरी खोलगट झाली आहे. इतकी वर्षं रोज तिच्यावरून गेले, आणि आज बघितलं.

मुलींची प्रॅक्टिकल परत झाली, सगळ्या पास. ती रडणारी मुलगी, पहिल्यापेक्षा दोन गुण कमी. म्हणाली, "कोई बात नहीं मैम." मला होती.

१९ नोव्हेंबर, शनिवार

तिकडच्या लॅबमध्ये बसायला सांगितलंय, निर्णय होईपर्यंत. काम काही नाही. सक्सेनांनी माझी खुर्ची खिडकीशी ठेवली. बूट घालून फिरतात सगळे, फरशीवर ठसे. पण खोली मोठी आहे, उजेड आहे, पन्नास मशीनं एका ओळीत, आणि आपल्या मुली त्यात बसल्या की ओळखू येतात. मशीनसमोर बसताना पदर, ओढणी सावरून बसतात, आमच्या खुर्च्यांना चाकं होती म्हणून लागलेली सवय. चांगलं वाटलं बघून.

२६ नोव्हेंबर, शनिवार

निर्णय आला नाही. 'विचाराधीन', असं मॅडमच्या ऑफिसमधून कळलं. दी.चं पत्र आहे की नाही, ते पण तसंच.

आज सगळ्यांचे नवे लॉगिन बनवायचे होते, दोन्ही कॉलेजचे, ज्याचे त्याचे, ज्याच्या त्याच्या नावाचे. बनवत होती दी.च. पत्र येवो न येवो, काम तिलाच. शेवटी माझी पाळी. तिनं माझं पूर्ण नाव टाकलं, स्पेलिंग विचारून. मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"पासवर्ड डालिए, मैम।" आणि उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मला सुचेना काय टाकावं. एकदा टाकलं, दुसऱ्यांदा तेच टाकायचं तर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. ती वळली नाही. वेणी, शाल, आणि भिंतीवरचं वेळापत्रक ती वाचत असल्यासारखी.

तिच्या पाठीकडे बघून मी म्हटलं, "दीप्ती, दिसंबर में चिट्ठी आए तो मुझे बताना।"

"न आए तो भी बताऊँगी, मैम," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "आप टाइप कीजिए।"